दोरी नवी, गादी जुनी

कबड्डीत चढाई करून परत फिरताना डावा पाय मॅटवर रुतला आणि अंग तेवढं वळलं. 'टक्' आवाज पकडीला आलेल्या मुलीनंही ऐकला. मी तेव्हा 23 वर्षांची होते. एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारी आतली दोरी, तुटली होती. मांडीमागच्या स्नायूची तार काढून डॉक्टरांनी गुडघ्यात नवी दोरी बसवली. आता गुडघा नवा झाला, असं घरच्यांनी धरलं, मीही.

आज चाळिशीत, मी मुलींना खेळ शिकवते त्या शाळेचा जिना उतरताना तोच गुडघा करकरतो. दोरी शाबूत आहे. तक्रार गादीची आहे.

गादी म्हणजे कोणती, हा आपल्याकडचा घोळ. मांडीचं आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या असतात, त्याही गादीच. पण मी बोलतेय ती कूर्चा. मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरंशुभ्र, गुळगुळीत आवरण दिसतं ना, ते. गुडघ्यात बहुतेक ठिकाणी त्याची जाडी 2 ते 4 मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही. म्हणून ती झिजताना सुरुवातीला कळत नाही आणि झिजली की नीट भरून येत नाही. ती भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं 1743 मध्येच लिहून ठेवलंय.

माझ्या जुन्या एमआरआयच्या रिपोर्टात खाली एक ओळ होती, ती मी कित्येक वर्षांनी वाचली. हाडाला मुका मार. एसीएल तुटलेल्या बहुतेकांना तो असतो. पाय मुरगळतो त्या क्षणी मांडीचं हाड नडगीवर आदळतं आणि मधली कूर्चा चेपली जाते. ऑपरेशननं गुडघा निसटायचा थांबतो, पण तो मार पुसला जात नाही. अशी दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या गुडघ्यात 10 ते 20 वर्षांत झीज दिसते, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग काय, पाय उशीवर ठेवून बसायचं? ऑपरेशननंतर मी तेच केलं होतं, आणि चुकलं. रक्त नसल्यामुळे कूर्चेचं पोषण सांध्यातल्या पाण्यातून होतं, स्पंजसारखं: भार पडला की पाणी बाहेर, भार उतरला की आत. भारच नसेल तर ती उपाशी. दोन महिने भीतीनं बसून काढले, मांडी काठीसारखी झाली आणि सहाव्या महिन्यात स्पर्धेला उतरले. धक्के सोसायला मांडीत ताकदच नव्हती. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या 2016 च्या अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या वेळा गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचा धोका जवळजवळ निम्मा होत गेला. आम्हाला तेव्हा 'पळता आलं की खेळ' एवढंच ठाऊक.

लोक म्हणतात, "मॅडम, वंगण संपलं असेल." उलट माझ्याकडे ते जास्तच असतं. एसटीनं दूरच्या सामन्याला मुली नेल्या, दिवसभर उभी राहिले, की संध्याकाळी गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही कडांचे खळगे बुजतात. गुडघ्यात पाणी भरतं. न बोलणाऱ्या कूर्चेनं पाठवलेला निरोपच म्हणा. दुसऱ्या दिवशी मी जिने टाळते, सायकल मात्र सोडत नाही.

आमच्या संघातल्या एका मुलीचं मार्चमध्ये हेच ऑपरेशन झालं. तिची आई दर सोमवारी विचारते, "कधी खेळणार?" मी शिंप्याची टेप काढते आणि दोन्ही मांड्या मोजते. परवा फरक दोन सेंटीमीटर होता. खळगे मात्र दोन्हीकडे नीट दिसत होते.