शेजाऱ्याने सांगितलेली वाट

इंटरनेटविषयी बोलताना आठवी-नववीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. रत्नागिरीच्या शाळेतल्या संगणकावर उघडलेले पान अमेरिकेतल्या एखाद्या संगणकाकडून येते, तर त्याची मधली वाट कोण ठरवते? मुलांना वाटते, कुठेतरी एक मोठे केंद्र असेल आणि तिथे साऱ्या जगाचा नकाशा टांगलेला असेल. प्रत्यक्षात असे केंद्रही नाही आणि नकाशाही नाही. जो तो फक्त आपल्या शेजाऱ्याचे ऐकतो. एवढ्यावर वाट कशी सापडते, हे समजावे म्हणून आम्ही एक खेळ घेतो. त्याला चिठ्ठ्या आणि सात मुले एवढेच लागते.

सात गावांचा खेळ

सात मुलांना सात गावांची नावे द्या : रत्नागिरी, हातखंबा, पाली, संगमेश्वर, देवरुख, साखरपा आणि कोल्हापूर. रस्त्याने जोडलेली गावे एकमेकांची शेजारी. रत्नागिरीला एकच शेजारी, हातखंबा. हातखंब्याहून एक रस्ता पालीला जातो, दुसरा संगमेश्वरला. पालीहून थेट साखरपा येते. संगमेश्वरहून देवरुखमार्गेही साखरप्याला पोचता येते. साखरप्याच्या पुढे आंबा घाट उतरला नव्हे, चढला की कोल्हापूरची वाट.

आता ‘कोल्हापूरची पत्रे’ असे शीर्षक लिहून कोल्हापूर त्याखाली आपले नाव घालते आणि चिठ्ठी साखरप्याला देते. साखरपा आपले नाव आधी जोडून ती पुढे देते : ‘साखरपा, कोल्हापूर’. असे होत होत हातखंब्याकडे दोन चिठ्ठ्या येतात. पालीची चिठ्ठी म्हणते, ‘पाली, साखरपा, कोल्हापूर’. संगमेश्वरची म्हणते, ‘संगमेश्वर, देवरुख, साखरपा, कोल्हापूर’. पहिलीत तीन नावे, दुसरीत चार. हातखंबा कमी नावांची वाट निवडते, पण दुसरी चिठ्ठी फेकून न देता वहीत ठेवते. निवडलेल्या वाटेला आपले नाव जोडून ती रत्नागिरीला कळवते.

आणखी एक नियम आहे. चिठ्ठीत आपलेच नाव आधीपासून दिसले, तर ती चिठ्ठी घ्यायची नाही. तसे न केले तर पत्रे गोल गोल फिरत राहतील.

मग शिक्षकांनी जाहीर करावे, ‘पाली-साखरपा रस्त्यावर दरड कोसळली.’ पाली हातखंब्याला एवढेच कळवते, ‘माझी ती वाट रद्द.’ हातखंबा वहीतली दुसरी चिठ्ठी काढते आणि रत्नागिरीला बदललेली वाट सांगते. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागत नाहीत, फक्त बदल पुढे जातो.

खऱ्या जगात

या खेळातले गाव म्हणजे इंटरनेटवरचे एक स्वतंत्र जाळे. भारत संचार निगमचे एक, एअरटेलचे एक, अशी हजारो जाळी जगात आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. भारत संचार निगमचा क्रमांक ९८२९, एअरटेलचा ९४९८. चिठ्ठीत गावांऐवजी हे क्रमांक लिहिलेले असतात. चिठ्ठ्यांच्या या देवघेवीच्या नियमांना बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बी.जी.पी., म्हणतात. १९८९ साली कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या वेळी कागदी रुमालांवर त्याचा पहिला आराखडा काढला. आज त्याची चौथी आवृत्ती वापरात आहे.

घरातल्या किंवा शाळेतल्या एकाच जोडणीला याची गरज नसते. रत्नागिरीला हातखंब्याखेरीज वाटच नाही, तसेच ते आहे. पण एखाद्या मोठ्या संस्थेने दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आणि आपले पत्ते दोघींमार्फत जगाला कळवायचे ठरवले, की हे नियम लागतात.

इथे शेजारी आपोआप सापडत नाही. राउटर म्हणजे वाट दाखवणारे यंत्र. ते चालवणारा माणूस त्यात हाताने लिहितो : आपला क्रमांक हा, शेजाऱ्याचा पत्ता हा, त्याचा क्रमांक हा आणि आपण जाहीर करायचे पत्ते हे. शेजाऱ्यानेही आपल्या बाजूला तसेच लिहावे लागते. क्रमांक जुळले नाहीत तर बोलणे सुरूच होत नाही. जुळले तर आधी वाटांची सगळी यादी दिली जाते आणि नंतर फक्त बदल. सांगण्यासारखे काही नसले, तरी दोघे ठरावीक वेळाने एकमेकांना ‘आहे’ म्हणून कळवतात. ही हाक ठरलेल्या मुदतीत आली नाही, तर शेजारी गेला असे समजून त्याच्याकडून आलेल्या सगळ्या वाटा खोडल्या जातात.

कमी नावांची वाट हा नियमही शेवटचा नव्हे. एखादी वाट लांब असूनही स्वस्त पडते म्हणून मालक तिला आधी पसंती देऊ शकतो. कोणती वाट कोणाला सांगायची, हेही तोच ठरवतो.

चूक होते तेव्हा

आता खेळाची दुसरी फेरी. संगमेश्वरच्या कानात सांगा, ‘कोल्हापूरची पत्रे’ या शीर्षकाखाली फक्त स्वतःचे नाव लिही. हातखंब्याला एकाच नावाची चिठ्ठी मिळते. ती सर्वांत आखूड, म्हणून तीच निवडली जाते. देवरुखही फसते. रत्नागिरीची पत्रे संगमेश्वरला जाऊन पडतात. नियम कोणी मोडला, असे विचारले की हातखंब्याचा मुलगा म्हणतो, ‘मी तर नियम पाळला!’ त्याचे म्हणणे खरे आहे.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी हेच जगात घडले. सरकारी आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करायचे होते. यूट्यूब आपले १,०२४ पत्ते एका गटात जाहीर करत असे. पाकिस्तान टेलिकॉमने त्यांतलेच २५६ पत्ते आपले म्हणून जाहीर केले आणि ती घोषणा हाँगकाँगच्या एका मोठ्या कंपनीमार्फत बाहेर पसरली. टपालात ‘रत्नागिरी जिल्हा’ आणि ‘देवरुख’ अशा दोन पिशव्या असल्या, तर देवरुखचे पत्र दुसऱ्या पिशवीत जाते. राउटरही तसाच नेमका, लहान गट आधी निवडतो. परिणामी जगाच्या मोठ्या भागात सुमारे दोन तास यूट्यूब दिसेनासे झाले. यूट्यूबने आणखी लहान गट जाहीर केले, हाँगकाँगच्या कंपनीने चुकीची घोषणा थांबवली, तेव्हा घडी बसली.

आपल्याकडेही असे झाले आहे. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून इतरांच्या मालकीचे तीस हजारांहून अधिक पत्त्यांचे गट चुकून जाहीर झाले.

विश्वास आणि पडताळा

यावर उपाय म्हणजे चाळणी. शेजाऱ्याकडून कोणत्या घोषणा घ्यायच्या, याची यादी राउटरमध्ये आधीच लिहून ठेवायची. दुसरा उपाय म्हणजे दाखला. पत्त्यांचा कोणता गट कोणत्या क्रमांकाने जाहीर करायचा, याचे संगणकीय सहीचे दाखले आता मिळतात. खेळात हा नियम असा घाला : ‘कोल्हापूरची पत्रे’ या चिठ्ठीतले शेवटचे नाव कोल्हापूर असलेच पाहिजे. मग संगमेश्वरची ती चिठ्ठी हातखंब्याच्या दारातच अडते.

मुलांनी एवढ्यावर समाधान मानले, तर एक प्रश्न विचारा. संगमेश्वरने ‘संगमेश्वर, कोल्हापूर’ असे लिहिले तर? शेवटचे नाव बरोबर आहे, पण मधला रस्ताच नाही. दाखला ही लबाडी पकडू शकत नाही. ती पकडायला काय करावे लागेल, याचा विचार जगभरचे तंत्रज्ञ आजही करत आहेत. आपल्या वर्गातल्या मुलांनाही करू द्या.