नकाशावरच्या टाचण्या

वैद्यकातल्या संशोधनाची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. आजची गोष्ट बरीचशी एका जुन्या मोटारीत घडली. मी बी.ए. झालेला माणूस, वैद्यकीय निबंधांवर बोलण्याचा मला काय अधिकार? पण डॉ. डेनिस बर्किट या आयरिश सर्जनचे निबंध ज्या प्रश्नातून निघाले, तो कुणालाही पडावा असा आहे.

१९५७ साली युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, त्यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवण्यात आला. जबड्याच्या चारही कोपऱ्यांत गाठी. जंतूंमुळे आलेली सूज म्हणावी तर ती एका जागी असते. चार ठिकाणी कशी? काही आठवड्यांनी जिंजा गावच्या इस्पितळात त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. आवारात आईजवळ एक मुलगी बसली होती आणि तिचाही चेहरा तसाच सुजलेला. तपासले तर पोटातही गाठ.

बर्किट जुनी कागदपत्रे उपसत बसले. जबड्याची गाठ, मूत्रपिंडाची गाठ, अंडाशयाची गाठ अशा वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला हा आजार एकच असावा, असे त्यांना दिसले. १९५८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त त्यांनी ३८ मुलांची माहिती छापली. फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे कंपालाच्याच तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटवली : हा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. या गाठी एक-दोन दिवसांत दुपटीने वाढतात. सर्जनच्या सुरीला तिथे काम नव्हते आणि मुले काही महिन्यांत दगावत.

मग बर्किटनी फोटो असलेली पत्रके छापून आफ्रिकेतल्या इस्पितळांना धाडली. असे रोगी तुमच्याकडे येतात का? उत्तर येईल तशी नकाशावर टाचणी. टाचण्यांचा पट्टा तयार झाला खरा, पण तो कुठे तुटतो आणि का, हे पाहायला ते १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या फोर्ड गाडीतून निघाले. दहा आठवडे, सुमारे १०,००० मैल, पन्नासावर इस्पितळे. ध्यानात आले ते असे की, विषुववृत्ताजवळ सुमारे ५,००० फुटांवर हा आजार आढळत नाही आणि दक्षिणेकडे जावे तशी ही उंचीची मर्यादा खाली येते. म्हणजे प्रश्न उंचीचा नव्हता, थंडीचा होता. जिथे ऊब आणि भरपूर पाऊस, तिथेच हा आजार. १९६२ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधाला त्यांनी शीर्षकच दिले ते हवामानावर अवलंबून असलेल्या मुलांच्या कर्करोगाचे. कर्करोग आणि हवामान! डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू यामागे असावा, असा त्यांचा कयास होता.

त्याआधीच, मार्च १९६१ मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्यांचे व्याख्यान झाले होते. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन हे तरुण शास्त्रज्ञ होते. त्यांनी युगांडातून गाठींचे तुकडे मागवायला सुरुवात केली. वर्षे गेली, विषाणू सापडेना. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान भलतीकडे उतरले, नमुन्याला उशीर झाला. बाटलीतले पाणी गढूळ झालेले. दुसऱ्या कुणी ते नासले म्हणून ओतून दिले असते. एप्स्टाइननी पाहिले तर गाठीपासून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्या वाढवल्या आणि १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसला. एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांच्या नावांवरून तो एप्स्टाइन-बार विषाणू झाला. माणसात कर्करोगाशी नाते जडलेला हा पहिला विषाणू.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी होती. पण हा विषाणू डासांतून नव्हे, लाळेतून पसरतो, आणि जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. तुमच्या-माझ्याही असणार. मग आफ्रिकेतल्याच मुलांनी काय केले होते? डासांविषयीचा कयास इथे वेगळ्या वाटेने खरा ठरला. डास विषाणू आणत नव्हता, मलेरिया आणत होता. वारंवार मलेरिया झाला की या पांढऱ्या पेशी भराभर वाढू लागतात आणि विषाणूला काबूत ठेवणारा पहारा ढिला पडतो. या घाईत एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात, आणि वाढीचा हुकूम देणारे जनुक चालूच राहते.

बर्किट मात्र कारण कळेपर्यंत थांबले नाहीत. कंपालात किरणोपचाराचे यंत्र नव्हते, म्हणून त्यांनी मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे वापरली. एक-दोन मात्रांतच काही मुलांच्या गाठी वितळल्या आणि ती पुढे वर्षानुवर्षे जगली. रक्ताचा कर्करोग औषधाने बरा होऊ शकतो, हे म्हणणे तेव्हा धाडसाचे होते. आज श्रीमंत देशांत हा आजार झालेली दहातली सुमारे नऊ मुले वाचतात. ज्या पट्ट्यात टाचण्या टोचल्या होत्या, तिथे मात्र फार कमी. इस्पितळ दूर, औषध महाग, आणि गाठ कुणासाठी थांबत नाही.

बर्किट १९९३ मध्ये गेले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर-२१ या मलेरियाच्या लशीची शिफारस केली. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ही लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ती आफ्रिकेतल्या मुलांना टोचली जाऊ लागली आहे. तिने ताप कमी होईल, पण जबड्याच्या गाठीही कमी होतील का? ते पाहायला कुणाला तरी पुन्हा इस्पितळोइस्पितळी हिंडून टाचण्या मोजाव्या लागतील.