डॉक्टर सकाळी ‘घरी जा’ म्हणतात, मग निघायला संध्याकाळ का होते?

पेशंटला घरी पाठवण्याची सगळी जुळवाजुळव करणाऱ्या सिस्टरचं काम काय असतं, आणि घरच्यांनी त्यांच्याकडून काय समजून घ्यायला हवं?

बेळगाव : सकाळी साडेनऊच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, ‘‘चांगले आहेत, आज घरी जाऊ दे.’’ लगेच फोन जातो. चंदगडहून, खानापूरहून, निपाणीहून कुणीतरी गाडी घेऊन निघतं. बारा वाजतात, दोन वाजतात. पेशंट कपडे बदलून खाटेवर बसलेला, पिशव्या भरलेल्या, गाडीवाला खाली ताटकळलेला. आणि हातातली सलाईनची सुई अजून तशीच. मग सगळा राग एकाच माणसावर निघतो, तो म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरवर.

खरं तर त्या वेळी सगळ्यात जास्त धावपळ त्याच सिस्टरची चाललेली असते. मोठ्या दवाखान्यांत या कामासाठी ‘डिस्चार्ज कोऑर्डिनेटर’ म्हणून वेगळी नर्स नेमलेली असते. लहान ठिकाणी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरच बाकीची कामं सांभाळून हेही बघतात. त्यांचं काम दोन भागांत असतं. एक भाग कागदांचा, तो सगळ्यांना दिसतो. दुसरा भाग पेशंट घरी गेल्यावर नीट राहावा यासाठीचा. तो फारसा कुणाला दिसत नाही, पण पेशंटचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

एका शब्दामागे सहा टेबलं

डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हटलं की कागद फिरायला लागतो. आधी ज्युनिअर डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात. आजार काय होता, काय उपचार केले, घरी कोणत्या गोळ्या घ्यायच्या, परत कधी दाखवायचं, हे सगळं त्यात येतं. मोठे डॉक्टर ती तपासून सही करतात. ते ऑपरेशनला उभे असतील तर कागद तिथंच थांबतो. एखादा रक्ताचा रिपोर्ट यायचा असेल तर समरी अर्धी राहते.

तोवर सिस्टर वॉर्डात उरलेली औषधं, सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं मोजून दवाखान्याच्या मेडिकलला परत पाठवतात. त्यांचे पैसे बिलातून वजा व्हायचे असतात, म्हणून हे आधी करावं लागतं. मग लॅब, एक्स-रे, फिजिओथेरपी, ऑपरेशन थिएटर, सगळीकडच्या नोंदी बिलिंगला पोचल्या का, हे बघायचं. मार्चअखेरीला दुकानाच्या वह्या बंद करताना एक बिल सापडलं नाही तर ताळा जुळत नाही, तसाच हा प्रकार. बिल तयार झालं की योजनेचा किंवा विम्याचा काउंटर, मग पैसे भरणं, शेवटी गेट पास.

विमा असेल तर आणखी एक थांबा लागतो. विमा नियामक आयआरडीएआयनं २९ मे २०२४ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना वेळ बांधून दिली आहे. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची शेवटची मंजुरी तीन तासांत द्यायची. त्यापुढे उशीर झाला आणि दवाखान्यानं त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं सोसायचे.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हे तीन तास दवाखान्यानं कंपनीला विनंती पाठवल्यापासून मोजले जातात, डॉक्टरांनी ‘घरी जा’ म्हटल्यापासून नाही. समरी दुपारी दोनला तयार झाली तर तीन तास तिथून पुढे. म्हणून अनुभवी सिस्टर ‘उद्या सोडू’ असं कानावर आलं की आदल्या संध्याकाळीच समरीचा मसुदा, औषधांची परतफेड आणि राहिलेले रिपोर्ट यांच्या मागे लागतात.

कार्ड कुठलं, गाव कुठलं

सीमाभागात या कामात आणखी एक गुंता असतो. इथं पेशंट एका राज्यातला, दवाखाना दुसऱ्या राज्यातला, असं रोजचंच. चंदगड, गडहिंग्लजचे पेशंट बेळगावला येतात, सिंधुदुर्गातले बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात. प्रत्येकाच्या खिशातलं कार्ड वेगळं.

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि योजनेत असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यातही ते घेता येतात. कर्नाटकात ही योजना राज्याच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेशी जोडून चालते. तातडीची केस नसेल तर तिथं खासगी दवाखान्यातल्या बऱ्याच उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तिचे नियम वेगळे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये घेतला, तेव्हा कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली होती.

यातलं कुठलं कार्ड कुठं चालेल हे सांगायला योजनेच्या काउंटरवर ‘आरोग्य मित्र’ असतात. पण पेशंटला भरती करतानाच कार्ड विचारून त्याला आरोग्य मित्राकडे पाठवणं हे सिस्टरचं काम. हा प्रश्न शेवटच्या दिवशी निघाला तर डिस्चार्ज तर अडकतोच, वर हजारो रुपये खिशातून जाण्याची वेळ येते.

आयुष्मान भारतमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा आणि पुढच्या तपासणीचा खर्चही पॅकेजमध्ये धरलेला असतो. न विचारल्यामुळे अनेक जण ती औषधं बाहेरून विकत घेतात.

जुनी डबी, नवी पिशवी

आता दुसरा, न दिसणारा भाग. समजा, खानापूर तालुक्यातल्या साठीच्या शेतकऱ्याला हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. आपल्याकडं त्याला ‘स्प्रिंग घातली’ म्हणतात. चार दिवसांनी ते घरी निघतात तेव्हा पिशवीत सहा-सात प्रकारच्या गोळ्या असतात. घरी कपाटात बीपीच्या जुन्या गोळ्यांची डबी असतेच.

पहिला धोका इथंच आहे. जुन्या डबीतली गोळी आणि नव्या पिशवीतली गोळी, दोन्हींची नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण आतलं औषध एकच असू शकतं. घरची माणसं इमानानं दोन्ही देत राहतात. बीपी एकदम खाली येतं, चक्कर येते आणि माणूस पहाटे गोठ्यात जाताना पडतो.

दुसरा धोका त्याहून मोठा. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुतेक वेळा दोन प्रकारच्या गोळ्या देतात. हार्ट अटॅकनंतर त्या साधारण वर्षभर चालतात. किती दिवस, हे डॉक्टर ठरवतात. मधेच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा स्ट्रिप संपली म्हणून त्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा म्हणून कुणी ‘चार दिवस ती गोळी थांबवा’ सांगितलं, तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना विचारायला हवं. अंगदुखीवर मेडिकलमधून मनानं घेतलेली गोळी या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव घडवू शकते.

हे सगळं समरीत लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत आणि आखूड अक्षरांत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. शेवटची खूण न कळल्यानं गरजेपुरती दिलेली गोळी महिनाभर रोज घेणारे पेशंट असतात.

म्हणून जाणत्या सिस्टर डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच सांगतात, ‘‘घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.’’ मग डॉक्टरांना विचारून जुन्या-नव्या गोळ्यांचा ताळमेळ घालतात. बंद करायच्या गोळ्या बाजूला काढतात. चालू गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून देतात. त्यानंतरचा प्रश्न सगळ्यात मोलाचा :

‘‘मामा, ही गोळी कधी घ्यायची, तुम्हीच सांगा बघू.’’

‘‘सकाळी, नाष्टा करून.’’

‘‘आणि ही संपल्यावर?’’

‘‘संपली की झाला की कोर्स!’’

चूक इथं पकडली जाते. ‘समजलं का?’ विचारलं तर प्रत्येक जण मान हलवतो. ‘तुम्ही मला सांगा’ म्हटलं की काय समजलं नाही ते लगेच कळतं. जगभरच्या नर्सिंगमध्ये ही पद्धत शिकवली जाते, आणि तिला खर्च काहीच नाही. वेळ मात्र लागतो.

भाषेचा अडसर

इथल्या दवाखान्यांत सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतात, केरळच्या असतात, मराठीही असतात. पेशंट मराठी किंवा कोकणी, त्यात कुणी फक्त गावाकडची मराठी समजणारी आजी. रोजच्या कामापुरतं ‘जेवलात का, दुखतंय का’ सगळ्यांना जमतं. पण ‘छातीत दुखलं, दम लागला, शौचाला काळी झाली तर लगेच या’ हे अर्धवट भाषेत सांगून चालत नाही. अशा वेळी सिस्टर पाळीवरच्या मराठी सहकाऱ्याला बोलावतात, नाहीतर पलीकडच्या खाटेवरच्या नातेवाइकाची मदत घेतात. घरच्यांनीही संकोच न करता ‘मराठी बोलणाऱ्या कुणाला तरी बोलवा’ म्हणून सांगावं. मदत मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक गोष्ट : समजावलं जातं एकाला आणि घरी गोळ्या देतं दुसरंच कुणीतरी. दवाखान्यात मुलगा किंवा जावई धावपळ करतो, घरी सगळं सून किंवा बायको बघते. म्हणून सिस्टर विचारतात, ‘‘घरी गोळ्या कोण देणार?’’ ती व्यक्ती समोर नसेल तर फोनवर तरी घ्यावी.

‘आम्ही नेतो घरी’

कधी डॉक्टरांनी सोडायच्या आधीच घरचे हट्ट धरतात, ‘आमच्या जबाबदारीवर नेतो.’ सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही घेतली की दवाखान्याची बाजू कागदोपत्री पुरी होते. पण चांगली सिस्टर सही घेण्याआधी एक प्रश्न विचारते, ‘‘का नेताय?’’ उत्तर बहुतेकदा आजाराशी जोडलेलं नसतं. पैसे संपलेले असतात, पेरणी तोंडावर असते, घरी गुरं बघायला कुणी नसतं. पैशाची अडचण असेल तर योजनेचा काउंटर किंवा सरकारी दवाखान्यात हलवण्याचा मार्ग असतो. तो वेळेत दाखवला तर अर्ध्या उपचारावर घरी जाणारा माणूस वाचू शकतो.

घर लांब असेल तर परतीचा विचारही याच वेळी करावा लागतो. १०८ ची गाडी आजारी माणसाला तातडीनं दवाखान्यात आणण्यासाठी असते, घरी सोडण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. बाळंतिणीला मात्र सरकारी दवाखान्यातून घरापर्यंत मोफत वाहन मिळायला हवं. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते धरलेलं आहे. पुढच्या तपासणीची तारीखही प्रवास बघून घ्यावी. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद तापला तेव्हा महाराष्ट्राच्या एसटीनं कर्नाटकात येणाऱ्या गाड्या थांबवल्या होत्या. अशा वेळी घराजवळ कुठं दाखवायचं आणि कुणाला फोन करायचा, हे समरीवर लिहून घेतलेलं असलं तर गोळ्यांत खंड पडत नाही.

अर्धा तास कुठं जातो?

आता सकाळच्या प्रश्नाकडे परत येऊ. कागद फिरण्यात दिवस जातो. संध्याकाळी सहाला गेट पास हातात येतो तेव्हा घरचे वैतागलेले, गाडीवाला हॉर्न देतोय, सिस्टरची पाळी बदलायची वेळ झालेली. गोळ्या समजावण्याचा अर्धा तास पाच मिनिटांवर येतो. ‘‘सगळं कागदावर लिहिलंय, वाचा’’ म्हणून पिशवी हातात दिली जाते. उशीर झाला तर भाडं वाढतं, जेवण चुकतं. हा अर्धा तास बुडाला तर आठ दिवसांनी तोच पेशंट पुन्हा कॅज्युअल्टीत येऊ शकतो.

उपाय साधा आहे. बिल फिरतंय तेवढ्या वेळात, म्हणजे सकाळी अकरा-बारालाच, गोळ्या समजून घ्याव्यात. त्यासाठी बिल पुरं व्हायची वाट बघावी लागत नाही. औषधांची यादी पक्की झाली की सिस्टरना सांगावं, ‘‘आमचा उशीर होऊ दे, पण हे आधी समजावून सांगा.’’

घरी निघण्याआधी एवढं विचारून घ्या :

- जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या चालू ठेवायच्या, कोणत्या बंद?
- कोणती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचीच नाही?
- काय झालं तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं?
- कोणता रिपोर्ट यायचा राहिलाय, तो कधी आणि कसा मिळेल?
- योजनेतून घरची औषधं मिळतात का, किती दिवसांची?
- जखम, अंघोळ, जेवण, वजन उचलणं, शेतातलं काम यांचे नियम काय?
- रात्री अडचण आली तर फोन कुठल्या नंबरवर करायचा?

उत्तरं मराठीत एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरी गोळ्या देणाऱ्या माणसाच्या हातात द्या. आणि निघण्याआधी सिस्टरना एकदा सगळं परत सांगून दाखवा. काही चुकलं असेल तर त्या तिथंच दुरुस्त करतील.