मद्यपानाचा डाग आणि पोलिसाची चाकरी

कांहीं विषय असे असतात कीं, ते घरांत सर्वांस ठाऊक असतात. पण माजघराच्या उंबरठ्याबाहेर त्यांचा उच्चार होत नाहीं. तरुण मुलाचें मद्यपान हा त्यांपैकींच एक होय. ‘आमच्या घराण्यांत असलें कांहीं नाहीं’ हें वाक्य आपण इतक्या संवयीनें बोलतों कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची गरजही आपणांस भासत नाहीं. परंतु नाकाबंदीवर उभा असलेला शिपाई घराणें विचारीत नाहीं. तो श्वासपरीक्षेचें यंत्र तोंडापुढें धरतो, आणि यंत्र दाखवील तो आंकडा लिहून घेतो.

या लेखांत आम्हीं घेतलेला प्रश्न असा कीं, मद्य पिऊन वाहन चालविल्याबद्दल एखाद्या तरुणास पूर्वीं शिक्षा झाली असेल, तर त्यास पुढें पोलिसखात्यांत प्रवेश मिळूं शकेल काय? आमच्या हाताखालीं शिकलेले विद्यार्थी आतां स्वतः मुलांचे बाप झाले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी ना कोणी अधूनमधून हाच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतो. मुलगा पहांटे उठून धांवतो, गोळा फेकतो, रात्रीं अभ्यास करितो, अंगांत हुशारी आहे. पण दोनतीन वर्षांपूर्वीं मित्राच्या लग्नाहून परततांना तो पकडला गेला होता. घरच्यांचा समज बहुधा एकच असतो : ‘दंड भरला, पावती घेतली, प्रकरण मिटलें.’ हा समज चुकीचा असून त्यापायीं पुढें मोठी हानि होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करणें अवश्य आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें, वाहन चालविणाऱ्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला, तर तो अपराध होतो. इंग्लंडांत ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. तेव्हां ‘थोडीशीच घेतली होती’ हा बचाव आपल्याकडे फारसा उपयोगीं पडत नाहीं. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पुन्हां तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आंकडे २०१९ च्या दुरुस्तीनें आले. तत्पूर्वीं पहिल्या अपराधाचा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. शिवाय त्याच कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणें अशा अपराध्यास निदान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविणें न्यायालयास भागच असतें.

परंतु कैद आणि दंड यांहूनही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्याकडे घरोघर दुर्लक्ष होतें. हेल्मेट घातलें नाहीं किंवा वेगमर्यादा ओलांडली, तर कायद्याच्या २०० व्या कलमान्वयें ठराविक रक्कम भरून प्रकरण तेथल्या तेथें आटोपतां येतें. १८५ वें कलम मात्र त्या यादींत नाहीं. म्हणून मद्य पिऊन वाहन चालविणाऱ्यास मॅजिस्ट्रेटापुढें उभें राहावेंच लागतें. तेथें ‘गुन्हा कबूल आहे काय?’ असा प्रश्न होतो. मुलगा घाबरलेला असतो, कामावर किंवा कॉलेजांत जाण्याची घाई असते, आणि बरोबरचा मनुष्य कानांत सांगतो, ‘कबूल म्हण, दंड भर आणि सुटून जा.’ मुलगा ‘कबूल’ म्हणतो, दंड भरतो व घरीं येतो. पण तो सुटलेला नसतो. त्याच क्षणीं त्याच्या नांवावर फौजदारी न्यायालयाची दोषसिद्धि नोंदली गेलेली असते. शिवाय एकदां गुन्हा कबूल केल्यावर त्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करतां येत नाहीं. शिक्षा अधिक झाली किंवा ती कायद्यास धरून नाहीं एवढ्यापुरतेंच अपील उरतें. पांच मिनिटांत उच्चारलेला तो एक शब्द जन्मभर सोबत राहतो, हें त्या वेळीं त्यास कोणी सांगत नाहीं.

आतां नोकरीच्या अर्जाकडे वळूं. सरकारी नोकरींत निवड झाल्यावर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात व त्यावरून चारित्र्याची पडताळणी होते. केंद्र सरकारच्या नमुन्यांतले प्रश्न वाचण्यासारखे आहेत. आपणांस कधीं अटक झाली आहे काय, आपणांवर खटला झाला आहे काय, आपणांस कधीं न्यायालयानें दंड केला आहे काय, दोषी ठरविलें आहे काय, असे ते एकामागून एक विचारले जातात. तुरुंगांत गेलां होतां काय, एवढेंच विचारून ते थांबत नाहींत. नुसता दंड झाला असला तरी त्याचें उत्तर ‘होय’ असेंच द्यावें लागतें. खोटी माहिती दिल्यास किंवा खरी दडविल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी ताकीदही त्याच कागदावर छापलेली असते.

येथेंच घरांतील वडीलधाऱ्यांची कसोटी लागते. काका म्हणतात, ‘एवढ्याशा गोष्टीसाठीं कशाला लिहावयाचें?’ आई देवापुढें निरांजन लावून म्हणते, ‘लिहूं नको रे बाबा, झालें गेलें विसरून जा.’ दोघांच्याही मनांत माया असते, यांत संशय नाहीं. पण त्या मायेच्या सल्ल्यानें मुलाचें काय होतें, हें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरून पाहणें बरें.

२०११ सालीं न्यायालयापुढें दिल्ली पोलिसांतील हेड कॉन्स्टेबलच्या जागेचें प्रकरण आलें होतें. उमेदवार विशीच्या सुमारास एका मारामारीच्या प्रकरणांत सांपडला होता व तडजोडीनें सुटला होता. मूळ अर्जांत त्यानें ही गोष्ट लिहिली नव्हती. साक्षांकन नमुन्यांत मात्र लिहिली. न्यायमूर्तींनीं त्याच्या बाजूनें निकाल दिला. तरुणपणीं मनुष्याच्या हातून अविचार घडतो व समाजानें तो कांहींसा पोटांत घालावा, अशी त्यांची दृष्टि होती. आणि भुकेल्या कुटुंबासाठीं पाव चोरून जन्मभर चोर ठरलेल्या ज्याँ व्हाल्ज्याँ याची, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरींतील त्या प्रसिद्ध पात्राची, त्यांनीं आठवण दिली होती.

पण एवढ्यावर विसंबून राहतां येणार नाहीं. दोनच वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याच दिल्ली पोलिसांचें दुसरें प्रकरण आलें. या उमेदवारानें आपल्यावर झालेल्या खटल्याची माहिती आपण होऊन दिली होती, आणि तोही तडजोडीनें निर्दोष सुटला होता. तरी त्याची निवड रद्द करणें न्यायालयानें योग्य ठरविलें. पोलिसदल हें शिस्तीचें दल आहे, त्यांत येणाऱ्याचें चारित्र्य निष्कलंक असावें, आणि तें तसें आहे कीं नाहीं हें पारखण्याचा अधिकार खात्यास आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

अशा भिन्न निकालांचा मेळ घालण्यासाठीं २१ जुलै २०१६ रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें कांहीं तत्त्वें घालून दिलीं. त्यांचें सार थोडक्यांत असें : उमेदवारानें दिलेली माहिती खरी असली पाहिजे. दडविलेला अपराध अगदीं क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ लहान वयांत दिलेल्या घोषणा, तर तें दडविणें खात्यानें आपल्या विचारानें क्षम्य मानावें. अपराध क्षुल्लक नसेल व दोषसिद्धि झाली असेल, तर उमेदवारी रद्द करतां येईल किंवा नोकरींतून काढतां येईल. आणि सर्व कांहीं खरें सांगितलें असलें, तरीही पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा खात्याचा अधिकार राहतोच; अमक्यास घ्याच अशी सक्ति त्याजवर करतां येणार नाहीं.

आतां कोणी म्हणेल, मग खरें सांगून उपयोग काय? उपयोग आहे. खरें सांगणाराचें प्रकरण विचारासाठीं पुढें जातें. तेथें त्याचें वय, मध्यें गेलेलीं वर्षें, कोणास इजा झाली होती कीं नाहीं, पुन्हां तसा प्रसंग घडला कीं नाहीं, हें सर्व मांडण्यास त्यास जागा असते. दडविणारास ती जागा उरत नाहीं. त्याचा मूळचा अपराध एक रात्रीचा असतो. पण नमुन्यावर सही करून केलेली लबाडी ही पूर्ण शुद्धीवर असतांना केलेली असते. ती पांच वर्षांनीं उघडकीस आली तर नोकरी जाते, आणि तोंवर लग्न झालेलें असतें, पदरीं मूलही असतें.

मद्य पिऊन वाहन चालविणें हा क्षुल्लक अपराध धरला जाईल, अशी आशाही कोणीं बाळगूं नये. जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें उत्तर प्रदेशच्या पी. ए. सी. या सशस्त्र पोलिसदलांतील एका चालकाचें प्रकरण होतें. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठीं जवानांस फत्तेपूरहून अलाहाबादेस घेऊन जाणारी मालमोटार तो चालवीत होता. मद्याच्या अमलाखालीं त्यानें ती एका जीपवर आदळली. कोणी दगावलें नाहीं हें खरें, पण तो निव्वळ दैवयोग होय, त्यामुळें दोष हलका होत नाहीं, असें न्यायालयानें मानलें. पंचवीस वर्षांची सेवा व अपघाताचें किरकोळ स्वरूप पाहून बडतर्फीचे जागीं सक्तीची निवृत्ति आली खरी. परंतु तोंपर्यंत तो मनुष्य हयात नव्हता. निवृत्तीचे पैसे त्याच्या वारसांच्या हातीं पडावयाचे होते.

इतर नोकऱ्यांहून पोलिसाच्याच नोकरींत एवढी कठोरता कां, असा प्रश्न येथें साहजिक आहे. महाराष्ट्र पोलिसांचें ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असें आहे. दोन्ही पदें चतुर्थींत आहेत, म्हणजे दोन्हीं प्रयोजनें दाखवितात : सज्जनांच्या रक्षणासाठीं आणि दुष्टांच्या निग्रहासाठीं. ज्यास दुसऱ्याचा निग्रह करावयाचा, त्यास स्वतःचा निग्रह आधीं साधला पाहिजे, हें सांगावयास मोठा पंडित नको. त्याखेरीज एक व्यावहारिक कारणही आहे. या अपराधाखालीं अटक केलेल्याची वैद्यकीय परीक्षा अटकेपासून दोन तासांच्या आंत व्हावी लागते. नाहीं तर त्यास सोडून द्यावें लागतें. म्हणजे सगळा पुरावा त्या दोन तासांत पोलिस व डॉक्टर किती चोखपणें वागतात यावर अवलंबून असतो. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगर येथें भरधाव मोटारीखालीं दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांस अटक झाली, व वरिष्ठांस वेळीं न कळविल्याबद्दल दोघे पोलिस अधिकारी निलंबित झाले. आरोपांचा निर्णय करणें हें न्यायालयाचें काम आहे. पण त्या दिवसांत लोकांचा जो संताप झाला, त्याच्या मुळाशीं हीच भीति होती कीं, तपासणारेच तपासण्याजोगे निघाले तर दाद कोणाकडे मागावी? आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. ज्या घरांतील मनुष्य गेला, त्या घरानें नाकाबंदीवरील शिपायाकडे कोणत्या नजरेनें पाहावें, याचाही विचार उमेदवारानें करावा.

मग अशा तरुणानें करावें तरी काय? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणें कांहीं गोष्टी सुचवितों. खटला अद्याप चालू असेल, तर जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्यावांचून ‘कबूल’ म्हणूं नये. अपराध खरोखरच घडला असेल व पूर्वीं शिक्षा झालेली नसेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखालीं केवळ समज देऊन सोडण्याची विनंति न्यायालयास करतां येते. ती मान्य होईलच असें नाहीं. पण झाली तर त्या कायद्याच्या १२ व्या कलमानें दोषसिद्धीस चिकटणारी कायदेशीर अपात्रता टळते. घडलेली गोष्ट मात्र त्यानें पुसली जात नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. शिक्षा होऊन गेली असेल, तर निकालाची प्रमाणित नक्कल व दंडाची पावती जपून ठेवावी, आणि नमुन्यांत तारीख, कलम व शिक्षा जशीच्या तशी लिहावी. प्रश्न नीट वाचून, विचारलें असेल त्याचें पूर्ण उत्तर द्यावें. त्यानंतरचीं वर्षें अशीं घालवावीं कीं, ‘ही एकच चूक, पुन्हां नाहीं’ असें म्हणतांना वागणुकीचीच साक्ष काढतां यावी. आणि एवढें करूनही नकार आला, तर तो मान खालीं न घालतां सोसावा. वर्दीवांचूनही देशाची व कुटुंबाची सेवा करण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

वडीलधाऱ्यांसही एक शब्द सांगावासा वाटतो. आपल्या धर्मशास्त्रांत सुरापानाची गणना महापातकांत केली आहे, हें आपण मुलांस मोठ्या आवाजांत सांगतों. पण त्याच मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पातकाच्या शुद्धीचीं साधनें सांगतांना पहिलें नांव ख्यापनाचें आहे व दुसरें अनुतापाचें, हें सांगावयास विसरतों. ख्यापन म्हणजे केलेलें उघड बोलून दाखविणें. अनुतापासही त्याच्या मागून स्थान दिलें, यांत शास्त्रकारांची मोठी जाण दिसते. मुलगा रात्रीं पकडला गेला तर घरीं येऊन तें सांगण्याची त्यास हिंमत होईल, असें घर आपण ठेविलें आहे काय? ज्या घरांत चुकीची शिक्षा होते पण खरें बोलल्याची होत नाहीं, त्या घरांतील मुलास साक्षांकन नमुन्यापुढें बसल्यावर हात कांपूं न देतां ‘होय’ लिहितां येईल. नमुन्यांतील त्या रकान्यांत काय लिहावयाचें, तें पुष्कळ अंशीं वीस वर्षें आधीं घरांतच ठरलेलें असतें.