अमेरिकेचे वार्तापत्र : खेळाडू मुलाची झडप आणि आईबापांची सही

अमेरिकेत शाळेच्या संघातून खेळायचे तर हंगामाआधी डॉक्टरांचा दाखला लागतो. धडधाकट मुलाच्या ठोक्यांतला जादा आवाज कित्येकदा याच तपासणीत पहिल्यांदा ऐकू येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यासाठी 14 मुद्दे ठरवून दिले आहेत : धावताना छातीत दुखते का, भोवळ येते का, घरात कोणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले आहे का. उत्तरे खरी असण्याची जबाबदारी आईबापांची. इटलीने 1982 पासून खेळाडूंना ईसीजी सक्तीचा केला. अमेरिकेत देशभर तशी सक्ती नाही. झडपेचा दोष नेमका दिसतो तो मात्र इकोमध्येच.

महाराष्ट्रात कोवळ्या वयात झडप खराब झाली म्हटले की लहानपणी घसा धरून, सांधे सुजून आलेला ताप आठवतो. अमेरिकेत तो आजार आता विरळा आहे. इथल्या मुलांत दोष बहुधा जन्मजात असतो : महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. शंभरात एका-दोघांची झडप अशी असते आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे जास्त. बहुतेकांना मध्यम वयापर्यंत त्याचा पत्ताही नसतो. काहींची झडप मात्र किशोरवयातच गळू लागते. दर ठोक्याला थोडे रक्त मागे येते आणि डावा कप्पा ताणत जातो. कसून सराव करणाऱ्याचे हृदयही मोठे होते, त्यामुळे सरावाचा भाग किती आणि आजाराचा किती हे वारंवार मोजून ठरवावे लागते. मुलाला धाप लागत नसते, धावण्याची वेळही घसरलेली नसते आणि तरी डॉक्टर छाती उघडायला सांगतात. आईबापांना पटायला हेच सर्वांत जड जाते. पण त्रास जाणवेपर्यंत थांबले, तर ताणलेला कप्पा पूर्ववत होण्याची खात्री उरत नाही.

खरा पेच कोणती झडप बसवायची हा. आहे तीच दुरुस्त होत असेल तर उत्तमच. धातू-कार्बनची कृत्रिम झडप टिकाऊ, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. मग धक्काबुक्कीचे अमेरिकन फुटबॉल, कुस्ती, आइस हॉकी हे खेळ बंद. मुलगी असेल तर पुढे गरोदरपणात ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते. प्राण्यांच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला सहसा कायमची गोळी लागत नाही, मात्र तरुण शरीरात ती लवकर कडक होते आणि पुन्हा शस्त्रक्रिया अटळ ठरते. तिसरी वाट डोनाल्ड रॉस यांनी 1967 मध्ये लंडनमध्ये दाखवली. मुलाची स्वतःची फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीच्या जागी बसवायची आणि रिकाम्या जागी मृत दात्याची झडप लावायची. स्वतःची झडप जिवंत असल्याने अंगाबरोबर वाढते. खेळणाऱ्या मुलाच्या घरच्यांचा ओढा साहजिकच इकडे असतो. तरी दुखणे एका झडपेचे आणि हात दोन झडपांना लागतो, हे विसरता येत नाही. दात्याची झडपही पुढे बदलावी लागते. ते आता पुष्कळदा मांडीच्या शिरेतून नळी घालून साधते.

रॉस शस्त्रक्रिया सरावलेल्या हातांची आहे. म्हणून आईबाप दुसऱ्या राज्यातही जातात आणि ‘अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या?’ असे सर्जनला तोंडावर विचारतात. इथे त्यात कोणाला अपमान वाटत नाही. अनेक रुग्णालयांचे निकाल सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स ही संस्था जाहीरही करते. हा रिवाज भारतात यायलाच हवा.

मूल 18 वर्षांचे होईपर्यंत संमतीची सही सर्वसाधारणपणे आईबापांची. मात्र समजत्या मुलाचा होकार घ्यावा, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 1995 मध्येच स्पष्ट केले. सोळा वर्षांच्या मुलाला पुढचा हंगाम दिसतो, आईला त्याची चाळिशी. खेळावर महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळू शकते, त्यामुळे ‘पुन्हा खेळता येईल का?’ हा प्रश्न घरच्या हिशेबाचाही असतो. बास्केटबॉलपटू जेफ ग्रीन 2012 मध्ये महाधमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया करून पुढच्या हंगामात परतला. 2005 मध्ये तशाच दुखण्यातून गेलेला फ्रेड हॉइबर्ग पुन्हा खेळू शकला नाही. दोन्ही उदाहरणे मुलासमोर ठेवूनच बोलणे प्रामाणिकपणाचे.

छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दप्तर उचलायचे नाही, गाडी चालवायची नाही. नुकताच परवाना मिळालेल्या मुलाला दुसरी अट जास्त झोंबते. 1973 च्या कायद्यातील कलम 504 खाली शाळेकडून जादा वेळ, लिफ्ट अशा सवलती मिळू शकतात. आईबापांना 1993 च्या कायद्याने 12 आठवड्यांपर्यंत रजा मिळते, पण बिनपगारी. लहान कंपन्यांना तर तेही बंधन नाही. विमा मात्र पालकांच्या पॉलिसीवर 26 व्या वर्षापर्यंत चालतो. मैदानावर परतणे इको आणि ट्रेडमिल चाचणीनंतर, टप्प्याटप्प्याने.

तपासण्या जन्मभर चालतात. नवी झडप बसवली असेल तर दात साफ करण्यासारख्या उपचारांआधीही अँटिबायोटिक घ्यावे लागते. अठरावा वाढदिवस उलटला की वैद्यकीय माहितीवरचा हक्क मुलाचा होतो. त्यानंतर अहवाल पाहायचे, तर सामान्यतः आईबापांना मुलाची लेखी परवानगी घ्यावी लागते.