रबरी नळीचं सोंग घेतलेली किल्ली

अमेरिकी मालगाडीची एक छोटी वाघीण हातात घ्या. एच-ओ मापाची, म्हणजे खरीच्या 87व्या हिश्शाची. खरी वाघीण 40 फुटांची, तर ही जेमतेम 14 सेंटिमीटर. आता तिच्या टोकाकडे बघा. जुन्या संचातली असेल, तर तिथं प्लास्टिकचा आकडा दिसेल, ‘हॉर्न-हुक’. 1950च्या दशकापासून कित्येक वर्षं अमेरिकेतल्या खेळगाड्यांना हाच असायचा. डबे नुसते ढकलले की आकडे एकमेकांना बाजूला सारत अडकतात. झकास! पण गाडी मागं ढकलायची झाली की? आकडे आडवा रेटा देत राहतात. आकडा चाकांच्या बोगीलाच बसवलेला असला तर तो रेटा थेट चाकांना जाऊन भिडतो आणि वळणावर डबा रुळावरून खाली!

म्हणून हौशी मंडळी आकडा काढून ‘केडी’ बसवतात. कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांच्या नावांतली पहिली इंग्रजी अक्षरं जोडून झालेलं हे नाव. त्यांचा कपलर, म्हणजे डबे जोडणारा भाग, दिसायला थेट खऱ्या गाडीच्या कपलरसारखा. दोन माणसांची अर्धवट मिटलेली बोटं एकमेकांत अडकवावीत, तसा. खऱ्या गाडीचा तो कपलर ईलाय जॅनीचा, पेटंट 1873चं. त्याआधी डबे जोडायला माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राही आणि हातानं खिळा घाली. किती जणांची बोटं त्यात गेली! अखेर 1893 साली अमेरिकेत कायदाच झाला की, माणसाला मध्ये जावं लागणार नाही असेच कपलर हवेत. आपल्याकडच्या वाघिणींनाही आज याच घराण्यातला कपलर असतो.

बदलायचं काम नाजूक. जुना आकडा काढायचा, डब्याच्या तळाला चिमुकली पेटी स्क्रूनं बसवायची, आत कपलर मध्यावर धरणारी पितळी रंगाची पातळ स्प्रिंग. कपलरच्या बोटाला आणखी एक स्प्रिंग असते, तिळाएवढी. ती चिमट्यातून निसटली की गेलीच; म्हणून जाणती माणसं पारदर्शक पिशवीत हात घालून काम करतात. वंगणाला तेल नाही, ग्रॅफाइटची कोरडी पूड. मग उंची मापकावर तपासायची, कारण केसभर खालीवर झालं तरी पकड सुटते.

आता खरी गंमत. कपलरखाली एक वाकडी तार लोंबते. खऱ्या गाडीला तिथं ब्रेकच्या हवेची रबरी नळी असते, म्हणून आपल्याला वाटतं ही नुसती सजावट. पण ती पोलादी आहे, आणि रुळांमध्ये चुंबक लपलाय! डबे त्यावर थांबवून किंचित सैल केले की चुंबक एक तार डावीकडे ओढतो, दुसरी उजवीकडे, आणि बोटं उघडतात.

मग धावती गाडी चुंबकावरून जाताना सुटत कशी नाही? फुगडी आठवा. अंग मागं टाकलं की हात आणखी घट्ट होतात ना? इंजिन ओढत असतं तोवर ताणच कुलूप लावतो.

आणि याहून भारी पुढचं. सुटल्यावर इंजिन जरा मागं घ्या, पुन्हा पुढं या. बाजूला सरकलेले कपलर आता नुसते टेकतात, अडकत नाहीत. डबा ढकलत न्या, चुंबकापासून लांब, हव्या त्या सायडिंगला. तिथं इंजिन मागं घेतलं की कपलर आपापल्या मध्यावर येतात, डबा तिथंच उभा राहतो, आणि या सगळ्यात त्याला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नसतं.