बंदुकीच्या गोळीत अणुबॉम्ब का मावत नाही

मुलूखमैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती ओतली गेली आमच्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १५४९ साली. तिच्या नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. अणुगोळ्यांविषयी लिहिताना ती आठवते, कारण हाही प्रश्न बराचसा मापाचाच आहे.

‘फॉलआउट ३’ (२००८) या रोल-प्लेइंग गेममध्ये हातातल्या यंत्रातून छोटा अणुबॉम्ब फेकता येतो. यंत्राचं नाव ‘फॅट मॅन’, नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचंच. काही कल्पित विश्वांत तर बंदुकीच्या गोळीतही अणुस्फोट असतो. हे खेळणारी मुलं मला त्यामागचं गणित सांगतात, आणि ते निम्मं बरोबर असतं. एक ग्रॅम युरेनियम-२३५ चं पूर्ण विखंडन झालं, तर सुमारे २० टन टीएनटीएवढी ऊर्जा सुटते. रायफलची गोळी नऊ-दहा ग्रॅमची. ऊर्जा तिच्यात मावते; साखळी अभिक्रिया मावत नाही.

विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन दुसरं अणुकेंद्र फोडण्याआधी सरासरी अनेक सेंटिमीटर धावतो. गोळी तेवढी जाड नसतेच, तो बाहेर निसटतो. चुलीत एकटं लाकूड धुमसून विझतं, चार जवळ सारली की पेट घेतात, तसंच हे. गोळ्याचा व्यास निम्मा केला की घनफळ एक अष्टमांश होतं, पृष्ठभाग मात्र एक चतुर्थांशच. निसटायच्या वाटा तुलनेनं दुप्पट. म्हणून प्लुटोनियमचा उघडा गोळा साधारण १० किलोचा लागतो, व्यास १० सेंटिमीटर. नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धातला पॅटन आहे. त्याची तोफ ९० मिलिमीटरची. तिच्यातही हा गोळा शिरणार नाही. लांबुळका केला तर शिरेल, पण पृष्ठभाग वाढल्यानं वजनही वाढवावं लागेल.

धातू दाबून घनता दुप्पट केली, तर चौथ्या हिश्शात भागतं. पण दाबायला भोवती स्फोटकं हवीत, आणि जाडी पुन्हा वाढते. अमेरिकेनं १९५३ मध्ये नेवाडात तोफेतून अणुगोळा खरोखर उडवला, तो २८० मिलिमीटरच्या नळीतून. पुढे ‘डेव्ही क्रॉकेट’ हे जवळजवळ खेळातल्यासारखं शस्त्र आलं. त्याचा गोळा २८ सेंटिमीटर जाड. नळीत मावेना, म्हणून तिच्या तोंडाबाहेर बसवत. शक्ती फार तर २० टन, म्हणजे विखंडन जेमतेम एका ग्रॅमचं. ते एक ग्रॅम पेटावं म्हणून बाकीचं सगळं ओझं वाहायचं!

पल्ला दोन ते चार किलोमीटर होता, आणि तो लागायचाच. खेळात गडी काही पावलांवरून गोळा डागतो, किरणोत्सारावरच्या औषधाची पिशवी लावतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. प्रत्यक्षात एवढ्या लहान स्फोटात धक्क्यापेक्षा न्यूट्रॉन आणि गॅमा किरण दूरवर मारतात. काहीशे मीटरवरच्या माणसाला थोड्या वेळात वांत्या सुरू होतात, मरण काही दिवसांनी येतं. पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर जखमही दिसत नाही.